पहिली गाठ कुठे आहे?

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. मलकापूर

नागपूरहून परतलो. गाडी दीड तास उशिरा. माझ्या बायकोला, बानोला, खिडकीची जागा मिळाली, पण पाय लांब करायला मिळाला नाही. स्टेशनवरून घरी येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "दूध आनाले पाह्यजे."

मी चाळीस वर्षं बोलत आलो. शाळेत मराठी शिकवली आणि शाळा सुटली की जिल्ह्यातल्या व्यासपीठांवर उभा राहिलो. रहेमतुल्ला सर आले की माइक नाही लागत, असं लोक म्हणतात आणि मला ते आवडतं. आज एका लहानशा खोलीत मला चार शब्दांचा एक प्रश्न विचारला गेला आणि तो घेऊनच मी घरी आलो.

डॉ. पुष्पांजली वयाने आमच्या मुलीएवढी, नाजिशएवढी असेल. रिपोर्ट समोर ठेवून तिने सांगितलं की बानोच्या मांडीत पुन्हा आलेली गाठ सार्कोमा आहे. स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कर्करोग, क्वचित आढळणारा. फुप्फुसात तीन ठिपके आहेत. मग विचारलं, "सर, पहिली गाठ कुठे आहे?"

"काढली ना. गेल्या वर्षी जानेवारीत, खामगावला. चरबीची गाठ आहे म्हणाले होते."

"काढलेली गाठ कुठे आहे, असं विचारतेय. लॅबमध्ये तिचे तुकडे मेणाच्या वडीत बसवून ठेवतात. वर्षानुवर्षं राहतात. ती वडी मिळाली तर पुष्कळ कळेल."

मी औषधं आणायला गेलो तेवढ्यात बानो कुणाशी तरी फोनवर बोलत होती. नाजिशशी असेल. स्टेशनवर आल्यावर मी अकीलला फोन लावला. अकील हा बानोचा धाकटा भाऊ. खामगावात त्याचं गादीघर आहे. ऑपरेशनच्या दिवशी तोच तिच्याजवळ होता, कारण माझं संध्याकाळी दुसरबीडला व्याख्यान होतं. तिथल्या डॉक्टरने काढलेली गाठ बरणीत घालून त्याच्याच हातात दिली होती.

"अकील, त्या बरणीचं काय केलंस?"

मागे कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज येत होता.

"दुल्हाभाई," तो म्हणाला, "दफन केली."

आमच्यात शरीराचा कापलेला भाग कुठेही टाकत नाहीत, मातीला देतात. माझ्या आजोबांचं बोट चरकात गेलं तेव्हा तेही कब्रस्तानात पुरलं होतं. या रीतीत माया आहे हे मला कळतं. पण तपासणीच्या आधी? प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या मी त्याला जे बोलायचं ते बोललो. अज्ञान दार फोडून आत येत नाही, ते नातेवाइकासारखं डबा घेऊन येतं, असंही म्हणालो. दोन हमाल थांबून ऐकत होते. अकीलने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. बानो बाकावर बसून स्वतःच्या चपलेकडे पाहत होती.

ती गाठ तेव्हाच तपासली असती, तर हे सगळं एक वर्ष आधी कळलं असतं. एक वर्ष.

२० फेब्रुवारी

अकीलचं तोंड पाहणार नाही, असं घरात जाहीर केलं. बानो म्हणाली, "बरं."

डॉक्टरांशी फोनवर अर्धा तास बोललो. कळलं ते लिहून ठेवतो. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी पहारेकऱ्याचं काम करतात. काही रोग्यांच्या गाठीत हे पहारेकरी आतवर शिरलेले दिसतात, काहींच्या गाठीत ते बाहेरच थांबतात. शिवाय काही गाठी स्वतःच्या पेशींवर एक खूण लावून घेतात. ती पाहून पहारेकरी माघारी फिरतो. त्या खुणेचं नाव पीडी-एल-वन. ती निकामी करणारं औषध आहे. ते सार्कोमाच्या थोड्या रोग्यांना लागू पडतं, पुष्कळांना नाही. कुणाला पडेल याचा अंदाज गाठीच्या तुकड्यावरून थोडाफार बांधता येतो. थोडाफार, हा शब्द त्यांनी तीनदा वापरला.

नाजिशने दोन संशोधन-लेख काढून दिले. शब्दकोश घेऊन बसलो. त्यात एक आलेख आहे, जिन्यासारखा खाली उतरणारा. वर सगळे रोगी जिवंत, मग महिन्यामहिन्याने एकेक पायरी खाली. आधी मला वाटलं, किती सुबक रेष आहे. मग कळलं की प्रत्येक पायरी म्हणजे एक माणूस. ज्यांच्या गाठीत पहारेकरी आत होते त्यांचा जिना सावकाश उतरतो. दुसऱ्या लेखात तेवढा फरकही दिसत नाही.

बानो कोणत्या जिन्यावर उभी आहे हे मला कळायलाच हवं. ते सांगणारी गोष्ट खामगावच्या मातीत आहे.

४ मार्च

रोजे सुरू झाले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बानोचा रोजा नाही. काल नागपूरला केमोची पहिली सलाईन झाली. वाटेत मी तिला पाणी दिलं तेव्हा तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग प्यायली.

डॉक्टर म्हणाल्या, फेब्रुवारीत मांडीतून सुईने घेतलेला तुकडा फार लहान होता आणि त्यातला बराचसा भाग मेलेला. निदानातच संपला. खुणेच्या तपासणीसाठी नवा तुकडा लागेल, जाड सुईने, थोडा खोलवरून. पहिली गाठ असती तर हे लागलंच नसतं.

बानो म्हणाली, "पुन्हा सुई नाई."

मी तिला समजावलं. तपासणी म्हणजे काय, माणसाने भीतीतून शहाणपणाकडे कसं यावं, वगैरे. डॉक्टर मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिल्या. बानोने माझं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "झालं? चला, गाडी भेटनार नाई."

९ मार्च

बानोने आज मला भाकरी थापायला बसवलं. केमोने हात गळून गेले म्हणते.

ज्वारीच्या पिठात पाणी जास्त पडलं. पीठ असं का वागतं, याबद्दल मी काहीतरी म्हणालो असेन. ती म्हणाली, "पिठाले भाषण नोका देऊ जी. हात चालवा."

पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर. तिसरी तिने खाल्ली. फुगली नव्हती.

नंतर तिने मला वहीत लिहून घ्यायला लावलं. खिचडीत पाणी किती, वरणाला फोडणी कधी, हळद संपली की कुणाच्या दुकानातून आणायची, गॅसचा नंबर कुठे लिहिला आहे. रोज रोज सांगायचा तिचा त्रास वाचेल. ती बरी होईपर्यंत मी निभावून नेईन.

३१ मार्च. ईद

नमाजाहून आलो. गळाभेटी झाल्या. सगळ्यांनी विचारलं, भाभी कशा आहेत? मी प्रत्येकाला पहारेकरी पेशींचं सांगत बसलो. लोक कंटाळले असावेत. मीही कंटाळलो.

दर ईदला अकील सकाळच्या गाडीने येतो आणि बानोचा शीरखुर्मा सगळ्यांच्या आधी खातो. या वर्षी मी बोलावलं नाही. बानो स्टुलावर बसून पातेलं ढवळत होती. नाजिशने बुलडाण्याहून येऊन बाकीचं केलं. दुपारी ती एक मोठा डबा भरून निघाली. "इतक्या लवकर?" मी विचारलं. "काम आहे अब्बा," म्हणाली.

संध्याकाळी घर रिकामं वाटत होतं. हा निर्णय तत्त्वाचा आहे हे मी स्वतःला पुन्हा सांगितलं.

१२ एप्रिल. नागपूर, धर्मशाळा

केमोचा उपयोग दिसत नाही. ठिपके तीनचे पाच झाले. मांडीतली गाठ बानोच्या मुठीएवढी आहे.

डॉ. पुष्पांजली म्हणाल्या, "खुणेवरचं औषध देऊन बघता येईल. पण त्याआधी नवा तुकडा घेऊ या. गाठीत काय चाललंय ते बघून ठरवू. आणि आता वेळ घालवू नका."

बानोने पदर सारखा केला. "घेतो मी सुई," ती म्हणाली. "पन अकील पाह्यजे संगं."

"त्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"मले भेव वाटते. तो असला का वाटत नाई."

"मी आहे ना!"

"तुमी हायच जी," ती म्हणाली. एवढंच.

मी नाही म्हणालो. जो माणूस एका बहिणीचं आयुष्य खड्ड्यात पुरून टाकतो, त्याचा हात धरून तपासणी करायची? मी आवाज चढवला नसेन, पण शेजारच्या खोलीतलं कुणीतरी दारापर्यंत आलं. डॉक्टर म्हणाल्या, "सर, घरी ठरवा. मात्र लवकर ठरवा."

आता धर्मशाळेच्या पायरीवर बसून लिहितो आहे. आत बानो भिंतीला टेकून तस्बीचे मणी ओढते आहे. मी चुकतो आहे का? नाही. आज माघार घेतली तर आयुष्यभर जे बोललो त्याचा अर्थ काय?

२० एप्रिल

बानोच्या मांडीखाली एक नवी उशी दिसली. मऊ, मध्ये खळगा ठेवलेला, गाठ टेकते तिथे कापूस कमी. शिवण अतिशय नेटकी. नाजिशने आणली असेल. आजकाल बाजारात अशाही वस्तू मिळतात. बरं झालं, बानोला काल झोप लागली.

५ मे

नाजिशशी भांडण.

ती म्हणाली, "अब्बा, तीन आठवडे झाले. मामूला एक फोन करायचाय तुम्हाला. एक फोन. त्यासाठी अम्मीची सुई अडली आहे."

"अडवली कुणी? तिने."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"तुला माहीत आहे. दुसरबीडला. तीन महिने आधी दिलेला शब्द होता. आठशे माणसं होती."

"हो," ती म्हणाली. "आठशे."

आणखी काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. आतून बानोने हाक मारली, "नाजिश! चूप बैस पोट्टे!" इतक्या मोठ्याने बानो कधी बोलत नाही. नंतर बराच वेळ तिला खोकला लागला.

११ मे

आज तिला पायऱ्या उतरताना दम लागला. तीन पायऱ्या आहेत.

भाकरी अजून फुगत नाही. कडेने चिरते.

१९ मे

उकंडराव सरोदेंचा फोन. दुसरबीडला त्यांच्या वडिलांच्या स्मृतिदिनाचं व्याख्यान २४ तारखेला आहे. मी होकार दिला होता, विषयही ठरवला होता : मातीत गेलेला पुरावा. नाव घेणार नव्हतो, पण अकीलची गोष्ट सांगणार होतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला कळलं पाहिजे की काढलेली गाठ तपासल्याशिवाय पुरायची नसते. आठ पानं लिहून झाली आहेत. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं जोरकस मी काही लिहिलं नव्हतं.

उकंडराव म्हणाले, "सर, या वक्ती फोन बंद ठेवजा बरं. मांगच्या वर्षी जानेवारीच्या सभेले तुमी फोनवर बोलत बोलतच स्टेजवर चढले व्हते. हार घेऊन मीच थांबलो व्हतो!"

"मी? कुणाशी बोलत होतो?"

"मले काय माहीत? म्या फकस्त मांगून तुमचा झब्बा वढला."

मला आठवलं नाही. भाषणात ऑपरेशनची तारीख अचूक हवी होती, म्हणून गेल्या वर्षीची दैनंदिनी काढली. अकरा जानेवारीचं पान. माझंच अक्षर. जसं आहे तसं इथे उतरवतो :

"सकाळी बानोचं ऑपरेशन, किरकोळ. दुपारी निघालो, साडेपाचला दुसरबीड. व्यासपीठावर जाताना अकीलचा फोन. डॉक्टर तपासायला पाठवा म्हणतो, गाठ पाठवू की दफन करू, विचारत होता. चरबी आहे, पुरून टाक, म्हटलं. विषय : शंका घेण्याचं धाडस. सभा उत्तम. टाळ्यांसाठी दोनदा थांबावं लागलं."

२० मे

काही लिहीत नाही.

२१ मे. रात्री, मलकापूर

सकाळच्या एसटीने खामगावला गेलो. बानोला सांगितलं, भाषणाच्या कामाला चाललो.

अकीलच्या दुकानात एक गिऱ्हाईक लग्नाच्या गाद्यांसाठी घासाघीस करत होतं. अकीलच्या भुवयांवर, दाढीवर कापसाची पिसं. मला पाहून त्याने मशीन बंद केलं नाही. म्हणाला, "दूरून बसा दुल्हाभाई. कापूस लागन कपड्याले."

मी कापसातच बसलो. गिऱ्हाईक गेल्यावर दैनंदिनी उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने हात पुसले, पण ती घेतली नाही.

"माहीत हाय मले," तो म्हणाला.

"तू सांगितलं का नाहीस? तीन महिने मी तुला शिव्या दिल्या."

"शिव्या कुठी देल्ल्या? तुमी तं भाषन देल्लं." आणि तो हसला. त्याचं हसणं मला सोसवेना.

मग त्याने मशीन बंद केलं. "फोन इस्पीकरवर व्हता, दुल्हाभाई. आपा बाजूच्या खाटीवर. तिनं सारं आयकलं. मांगून टाळ्या वाजून राह्यल्या व्हत्या, तेई आयकल्या. फेब्रुवारीत नागपूरहून तुमच्या फोनच्या पयले तिचाच फोन आला. म्हने, अकील, हे तुह्या नावावर घे. मी म्हटलं, आपा, ते मले खाऊन टाकतीन. तं म्हने, तू पचवशीन. मले कसम घातली."

"का?"

"ते तिले इचारा."

मी दैनंदिनी मिटली आणि विचारलं, "कुठे पुरलीस?"

"अम्मीच्या पायथ्याशी. बरनीतली दवाई सांडून टाकली. साफ पान्यानं धुतली, मलमलीत गुंडाळली. खाली थोडा नवा कापूस ठेवला." त्याने बोटाला चिकटलेलं पीस काढलं. "आपाची व्हती ना."

म्हणजे बरणीसकट नाही. उकरून काही मिळेल ही शेवटची आशाही तिथेच संपली. ही आशा माझ्या मनात होती, हेही मला तेव्हाच कळलं.

काउंटरमागे एक उशी अर्धवट शिवून ठेवलेली होती. मध्ये खळगा. "दुसरी हाय," तो म्हणाला. "पयली आता दबली असन."

संध्याकाळी त्याला घेऊनच घरी आलो. बानो ओट्यावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उशीर केला," ती म्हणाली. कुणाला ते कळलं नाही. अकीलने तिच्यापुढे डोकं वाकवलं, तिने त्याच्या केसांतला कापूस काढला. मी सबंध वाटभर तिच्यासाठी वाक्यं जुळवत आलो होतो. दारात आल्यावर एकही उरलं नाही.

२२ मे

उकंडरावांना नकार कळवला. ते रागावले. "मंग आता कोन बोलन सर? पाम्प्लेट वाटून झाले." आठ पानं फाडली.

२३ मे. नागपूर

सुई झाली. अकील तिचा हात धरून होता. मी बाहेर बाकावर. आतून तिचा आवाज एकदाच आला, मग दोघांचं हसणं. काय बोलले ते विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, तुकडा चांगला आला आहे. एप्रिलमध्ये घेतला असता तर, हे वाक्य त्या बोलल्या नाहीत. मी ते ऐकलं.

२ जून

अजून रिपोर्ट आला नाही. बानो दिवसाचा बराच वेळ पडून असते. मी तिच्याजवळ बसतो. तिला कळलं आहे की मला कळलं आहे. दोघंही भाजीचं बोलतो.

त्या जिन्याच्या आलेखाची पानं कपाटात टाकली. तिथून त्यांचा आवाज येत नाही, तरी येतो.

९ जून. नागपूर ते मलकापूर, गाडीत

तिघे गेलो होतो. रिपोर्ट आला आहे. ती खूण जवळजवळ नाहीच. पहारेकरी आहेत, पण गाठीच्या काठाला. आत फार थोडे.

"याचा अर्थ?" मी विचारलं.

डॉ. पुष्पांजलींनी पेन खाली ठेवलं. "सर, खूण नसली म्हणजे दार बंद झालं असं नाही. खूण नसलेल्यांनाही कधी कधी औषध लागू पडतं. पण मी तुम्हाला आशा वाढवून सांगणार नाही. हे आकडे शेकडो रोग्यांचे असतात, एका माणसाचं ते सांगत नाहीत. ताईंची तयारी असेल तर सोळा तारखेला पहिला डोस देऊ."

"पहिल्या गाठीत काय असेल?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. मी उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही. सवय असेल. म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या कागदात लिहिलं आहे की नातेवाइकांनी गाठ पुरली. ती मी पुरायला सांगितली होती. फोनवर. तपासायला पाठवू का, असं या माणसाने मला विचारलं होतं. मला भाषणाला उशीर होत होता."

आयुष्यात इतकं लहान भाषण मी केलं नाही. अकील छताकडे पाहत होता. डॉक्टर म्हणाल्या, "बसा सर." त्यांनी कागदावर काहीही खोडलं नाही, काहीही लिहिलं नाही.

गाडीत बानोला खिडकी मिळाली. या वेळी पायही लांब करता आला, अकीलने समोरच्या माणसाकडून जागा बदलून मागितली. बडनेऱ्यानंतर अकीलला डुलकी लागली. मी बानोला म्हणालो, "तुला सगळं माहीत होतं."

"हाव."

"मग मला सांगितलं का नाहीस? त्या दिवशीच, फोनवरच म्हणायचं होतं, नाही, तपासायला पाठवा."

"त्या दिवशी मलेबी वाटलं चरबीच हाय. डाक्टर म्हने, तुमी म्हने. मले काय समजते?" ती बाहेर पाहत होती. "मंग नागपूरले समजलं. तवा म्हटलं, आता सांगून काय गाठ वापस येते?"

"पण अकीलवर घेतलंस."

"अकीलले गादी शिवाची हाय. त्याले बोलनं लागलं तरी त्याचे हात चालतेत." तिने पाय जरा हलवला, उशी सरकवली. "तुमाले हे समजलं असतं ना, तं तुमचं बोलनं बंद झालं असतं जी. घरात बसून राह्यले असते भिताडासारके. मी दिवसभर काय आयकलं असतं मंग?"

मला वाटत होतं ती माझी भाषणं कधी ऐकतच नाही.

मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "पाहा. झालंच ना बंद." आणि कोपराने ढोसलं.

१६ जून. नागपूर

पहिला डोस. अर्ध्या तासाची सलाईन. बानो म्हणाली, "एवढंच? मले वाटलं काय माहीत काय असन." पुढचा डोस तीन आठवड्यांनी. त्यानंतर दोन महिन्यांनी स्कॅन. तोवर कुणाला काहीही माहीत नाही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की माहीत नाही असं म्हणता येणं ही ज्ञानाची सुरुवात. म्हणायला सोपं होतं.

२९ जून, रविवार

तीन दिवस ताप होता, आज उतरला. सकाळी बानो भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली. मी परात घेतली. पाणी गरम करून पीठ मळलं, तिने सांगितलं तेवढंच. काही बोललो नाही. थापताना कडेला बोटं फिरवत राहिलो.

"जाळ कमी करा. आता उलटा. दाबू नोका. थांबा."

भाकरी फुगली. सबंध फुगली, काठापासून काठापर्यंत.

मग मला आणखीही एक गोष्ट कळली : हळद कुणाच्या दुकानातून आणायची ते तिने मार्चमध्ये का लिहून घ्यायला लावलं होतं. मी तव्यासमोर पाठमोरा उभा राहिलो.

मागे बानो टाळ्या वाजवत होती. हातांत जोर नाही, आवाज फारसा येत नव्हता. "नाजिशचे अब्बा," ती म्हणाली, "बोला आता काईतरी. सभा जमली हाय."

मी बोलायला सुरुवात केली. दोनदा थांबावं लागलं.